पंढरीची वाट, सायकलवरून

आषाढ जवळ आला की त्र्यंबकेश्वरहून संत निवृत्तिनाथांची पालखी निघते आणि सुमारे साडेतीन आठवडे पायी चालून पंढरपूर गाठते. नाशिकचे सायकलस्वारही दरवर्षी एकादशीच्या काही दिवस आधी त्याच दिशेने निघतात. त्यांना तीन दिवस पुरतात. तेव्हा नाशिकमध्ये पोलिस अधिकारी असलेले हरीश बैजल यांच्या पुढाकाराने २०१२ साली मोजक्या स्वारांनी सुरू केलेली ही सायकल वारी पुढे ‘नाशिक सायकलिस्ट्स फाउंडेशन’ने वाढवली आणि तिच्यात शेकड्यांनी माणसे सामील होऊ लागली.

अंतर सुमारे ३५० किलोमीटर. सिन्नरच्या अलीकडे मोहदरी घाट पहिल्याच सकाळी दम काढतो. नांदूर शिंगोटे, लोणी असे करीत कोल्हारला प्रवरा, राहुरीला मुळा ओलांडली की पहिला मुक्काम नगरला, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरला. दुसरा टप्पा मिरजगाव, करमाळामार्गे टेंभुर्णीचा. तिसऱ्या दिवशी उरतात जेमतेम पन्नास किलोमीटर.

नकाशा पाहणाऱ्यास ही वाट सोपी वाटेल, कारण नाशिकपेक्षा पंढरपूर बरेच सखल आहे. परंतु तो उतार इतक्या लांबीवर पसरला आहे की पायांना तो जाणवतच नाही. जाणवतो तो वारा. नगर, करमाळा हा पर्जन्यछायेचा प्रदेश. येथे पाऊस कमी, पण नैर्ऋत्येचा वारा मोकळ्या माळावरून उजव्या अंगाने सतत ढकलत राहतो. त्याला तोल देण्यासाठी स्वार नकळत उजवीकडे झुकतो. अशा वेळी उजवीकडून मालट्रक पुढे गेला की क्षणभर वारा अडतो आणि झुकलेली सायकल नेमकी ट्रकच्याच बाजूला सरकते. म्हणूनच रस्त्याच्या डाव्या कडेने, एकामागे एक आणि अंतर राखून चालण्याचा आग्रह धरावा लागतो. पुढच्याच्या आडोशाला बिलगून जाण्याने श्रम वाचतात हे खरे. पण तो मोह महामार्गावर महागात पडू शकतो.

वेगाची हौस नाशिकला नाही असे नाही. डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडणारी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघाने पूर्ण केली. वारीत मात्र पहिला क्रमांक नाही. येथे खरी कसोटी कसलेल्या स्वाराची असते: पहिल्यांदाच शंभराहून अधिक किलोमीटर चालवणाऱ्या पन्नाशीतल्या गृहस्थासाठी त्याला थांबता आले पाहिजे. पायी दिंडीत हे आपसूक घडते, कारण पावलांच्या वेगात फरक तो किती? सायकलीवर तासाभरात दोघांत दहा किलोमीटर पडू शकतात.

कर्कंब मागे टाकून भीमेचा पूल आला की पंढरपूर दिसू लागते. दर्शनानंतर सायकली ट्रकमध्ये चढतात आणि स्वार बसमध्ये. ज्या वाटेला तीन दिवस लागले, ती खिडकीबाहेरून एका रात्रीत निघून जाते. बहुतेकांना ती झोपेमुळे दिसतही नाही.