पाव मिलिमीटरची दुरुस्ती

मिस्त्रीनं चहाचा चमचा मागितला तेव्हा मला वाटलं, चहा येतोय. जामनेरला कांग नदीच्या पुलाअलीकडे पत्र्याच्या छपराखाली त्याचं दुकान. आप्पांची शंभर सीसीची गाडी मेन स्टँडवर उभी होती. २००७ची. चढावर दम टाकायची, ऑइल खायची आणि मागे निळा धूर सोडायची. ‘आता देऊन टाका, नवी घ्या’ असं घरात जवळजवळ ठरलंच होतं. आप्पा काहीच बोलत नव्हते, म्हणजे त्यांना पटलेलं नव्हतं.

मिस्त्रीनं प्लग काढून त्या जागी दाब मोजायचा गेज बसवला. थ्रॉटल पूर्ण उघडून चार-पाच किका मारल्या. काटा थोडा वर जाऊन अडला. मग त्यानं प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडलं आणि पुन्हा किका मारल्या. काटा या वेळी चांगलाच वर चढला.

“व्हॉल्व्ह चांगले आहेत भो,” तो म्हणाला. “रिंगा अन् बोअर गेलाय. गाडी नाही गेली.”

निदान करायची इतकी स्वस्त पद्धत मी दवाखान्यातही पाहिलेली नाही. सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आठ-नऊपट दाबलं जातं, तेव्हा कुठे स्फोटाला जोर येतो. दाब गळायला वाटा मुख्यतः दोन. वर व्हॉल्व्हमधून, नाहीतर खाली पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं. चमचाभर तेल रिंगांच्या फटीत बसतं आणि ती घटकाभर बुजवतं. तेवढ्यानं दाब वाढला तर चोर रिंगांशी आहे. वाढला नाही तर व्हॉल्व्हकडे बघायचं. निळा धूर हीच गोष्ट उलट बाजूनं सांगतो. वरची हवा खाली गळते, खालचं तेल वर येऊन जळतं.

इंजिन जुनं होतं म्हणजे नेमकं कुठे होतं? सगळीकडे सारखं होत नाही. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली. तिच्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिलिमीटर, पिस्टनची फेरी ४९.५ मिलिमीटर आणि क्षमता ९७.२ सीसी. शंभर सीसीच्या कितीतरी गाड्यांत हेच माप आजही चालू आहे. गाडी ताशी पन्नासनं जाते तेव्हा असं इंजिन मिनिटाला पाचेक हजार फेरे घेतं, आणि प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर, एकदा खाली असा जवळजवळ दहा सेंटिमीटर धावतो. म्हणजे तासाला तीस किलोमीटर. गाडीच्या मीटरवर एक लाख पडतात तेव्हा पिस्टन साठ हजार किलोमीटर घासलेला असतो. पृथ्वीला दीड प्रदक्षिणा, तीही बोटभर जागेत.

हे घासणं सुसह्य होतं ते तेलाच्या थरामुळे. पिस्टन वेगात असताना रिंग तेलावर तरंगत जाते. पण अगदी वरच्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबून दिशा बदलतो. वेग शून्य, तिथेच स्फोटाचा दाब आणि तिथेच सगळ्यात जास्त उष्णता. तेलाचा थर फाटतो आणि धातूला धातू लागतो. म्हणून सिलिंडर झिजतो तो मुख्यतः वरच्या टोकाशी. मिस्त्रीनं खोललेल्या सिलिंडरच्या तोंडातून माझं बोट फिरवलं. नखाला एक कडा अडकली. रिंग जिथवर पोचते तिथवर झीज, त्याच्या वर मूळ माप. तेवढ्या एका कडेसाठी आम्ही एकशे दहा किलोची गाडी भंगारात काढायला निघालो होतो.

झिजेला आमचा हातभारही होता. जामनेर ते पहूर, फर्दापूर, जळगाव-अजिंठा रस्त्याचं रुंदीकरण वर्षानुवर्षं चाललं, आणि त्या काळात ज्यानं त्या रस्त्यानं ये-जा केली त्याला धूळ म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. रस्त्याच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, आणि क्वार्ट्झ सिलिंडरच्या ओतीव लोखंडापेक्षा कठीण. पाच-दहा मायक्रॉनचा कण तेलाच्या थरात शिरला की तो पॉलिश पेपरसारखं काम करतो. हे अडवायला कागदी एअर फिल्टर असतो. आम्ही तो बदलण्याऐवजी दर वेळी कंप्रेसरची हवा मारून परत बसवत होतो. जोराच्या हवेनं कागद फाटतो, भोकं पडतात आणि फिल्टर नुसता शोभेला उरतो. दीड-दोनशे रुपये वाचवले आणि बोअर घालवला.

उपाय सोपा आहे. लेथवाला सिलिंडर पाव मिलिमीटरनं मोठा करतो आणि त्यात पाव मिलिमीटर मोठा, ‘पंचवीस ओव्हरसाइझ’चा पिस्टन बसतो. पुढच्या खेपेला पन्नास, मग पंचाहत्तर, मग शंभर. पाव मिलिमीटर म्हणजे तीन-चार केसांची जाडी, आणि त्यानं इंजिन वाढतं जेमतेम एक सीसीनं. मोठा केल्यावर आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत ठेवत नाहीत. होनिंगच्या दगडानं तिच्यावर मुद्दाम तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा ओढतात. त्या बारीक चऱ्यांत तेल धरून राहतं. गुळगुळीत भिंतीवर ते टिकलंच नसतं.

शंभरचंही माप संपलं की नवी स्लीव्ह. बऱ्याच गाड्यांत बाहेरचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि आतली नळी ओतीव लोखंडाची. तापवल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट फुगतं. ब्लॉक दीडशे अंशांनी तापवला की भोक दोन-अडीच केसांएवढं मोकळं होतं आणि गार स्लीव्ह आत घसरते. गार झाला की ब्लॉक तिला असा आवळतो, की हातानं ओढून काही निघायची नाही.

झिजलेला भाग कापून पुन्हा मापात आणणं आमच्या तालुक्याला नवं नाही. पाचोरा-जामनेर ५६ किलोमीटर धावणारी नॅरोगेज ‘पीजे’ शंभर वर्षं चालली, २०२० साली कोविडच्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच, आता ब्रॉडगेजचं काम आहे. रेल्वेचं चाक झिजून वेडंवाकडं झालं की लेथवर चढवून त्याचा आकार परत काढतात. दर खेपेला व्यास थोडा घटतो, आणि ठरलेल्या मापाखाली गेला की चाक बाद. बोअर वाढत जातो, चाक घटत जातं. हिशेब तोच.

पर्यावरणासाठी तरी नवी गाडी बरी, असा एक युक्तिवाद घरातून झाला. म्हणून वहीत ढोबळ गणित मांडलं. गाडीत ऐंशी किलो पोलाद धरा. आपल्याकडे किलोमागे अडीच किलो कार्बन डायऑक्साइड. पंधरा किलो ॲल्युमिनियम, कोळशाच्या विजेवर वितळवलेलं, किलोमागे पंधरा. बेरीज सव्वाचारशे किलो, आणि ही फक्त धातूची. लिटरभर पेट्रोल जळून २.३ किलो सुटतो, म्हणजे शोरूमच्या बाहेर पडायच्या आधीच नव्या गाडीनं १८५ लिटर पेट्रोल जाळलेलं असतं. ती दहा टक्के जास्त मायलेज देते असं मानलं तरी हे भरून यायला लाखभर किलोमीटर लागतात. आप्पांचं घर-शेत-घर रोजचं वीस किलोमीटर. चौदा वर्षं. दुरुस्तीत मात्र नवा धातू लागला किलोच्या आत-बाहेर.

हे गणित सगळ्यांना लावू नका. राजदूत किंवा तशी टू-स्ट्रोक असेल तर मी उलट सल्ला देईन. तिच्यात जळका धूर बाहेर ढकलायला ताजं मिश्रणच वापरतात, त्यामुळे पाव हिश्श्याच्या आसपास पेट्रोल न जळताच नळीतून जातं आणि वर तेलाचा धूर. हा दोष तिच्या रचनेतच आहे, कुठलाही बोअर तो काढू शकत नाही. दसऱ्याला हार घाला, रोज चालवू नका. फ्रेमच्या सांध्याला गंज लागून तडा गेला असेल तरी मोह सोडावा. एप्रिल २०१९ पासून नव्या लहान गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागायची सोय सक्तीची आहे, ती जुनीत येणार नाही.

पेट्रोलही बदललंय. आता त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. त्याची ऊर्जा लिटरमागे पेट्रोलच्या दोन-तृतीयांश, म्हणून मायलेज थोडं उतरतं, आणि जुनं रबर ते सोसत नाही. मिस्त्रीनं पेट्रोलची नळी, कार्ब्युरेटरचं पॅकिंग न विचारताच बदललं. हे सगळे भाग तालुक्याच्या दुकानात मिळाले ते चाळीस वर्षं न बदललेल्या मापांमुळे. एप्रिल २०२०नंतरच्या बीएस-६ गाडीत कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आणि संगणक आला. तिच्यासाठी मिस्त्रीला चमच्याबरोबर स्कॅनरही लागेल.

कागदांचा खर्च आहेच. पंधरा वर्षांनी नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवली तेव्हा हजार रुपये भरले. २०२७ साली गाडी वीस वर्षांची होईल तेव्हा दोन हजार.

नव्या रिंगा लगेच बसत नाहीत. होनिंगच्या रेघांची बारीक शिखरं आणि रिंगांच्या कडा एकमेकींना घासून जुळायला वेळ लागतो, म्हणून पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही असं बजावून मिस्त्रीनं गाडी दिली. आप्पांनी ते तंतोतंत पाळलं. मागून येणारे हॉर्न मारत राहिले.

पाचशेनंतर ऑइल काढलं. मिस्त्रीनं त्यातलं थोडं तळहातावर घेतलं, छपराच्या बाहेर उन्हात आला आणि हात तिरपा केला. तेलात चांदीसारखी बारीक चमचम होती.

“हे पुढच्या वेळी दिसायला नको,” तो म्हणाला आणि हात चिंधीला पुसला.