जेम्स लॉसन आणि नागपूरची तीन वर्षं

बेळगावात ‘मेथडिस्ट’ म्हटलं की आमच्या पिढीला आधी बेनन स्मिथ हायस्कूल आठवतं आणि मग चर्च. मेथडिस्ट म्हणजे शाळा, दवाखाना आणि रविवारची उपासना, एवढीच माझी समजूत होती. या पंथाचा एक पाळक अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या लढ्याचा मुख्य प्रशिक्षक होता आणि त्याआधी त्याने सुमारे तीन वर्षं नागपुरात काढली होती, हे मला पन्नाशीत कळलं. मी इंजिनीअरिंग नागपुरात केलं. सिव्हिल लाइन्समधल्या हिस्लॉप कॉलेजवरून सायकलने किती वेळा गेलो असेन, पण हे नाव तिथे कुणी कधी काढलं नाही.

ते नाव रेव्हरंड जेम्स लॉसन. जन्म २२ सप्टेंबर १९२८, पेनसिल्व्हेनियातलं युनियनटाउन. वाढले ओहायोतल्या मॅसिलॉन गावात. वडील मेथडिस्ट पाळक, आई मूळची जमैकाची. लहानपणी रस्त्यात एका गोऱ्या मुलाने जातिवाचक शिवी दिली तेव्हा जेम्सने त्याच्या थोबाडीत ठेवून दिली आणि घरी येऊन मोठ्या अभिमानाने सांगितलं. आईने स्वयंपाक करता करता पाठमोरीच विचारलं, याने काय साधलं? यापेक्षा चांगला मार्ग असलाच पाहिजे, असं ती म्हणाली. ही आठवण लॉसन आयुष्यभर सांगत राहिले.

इथे मेथडिस्ट परंपरेबद्दल थोडं सांगायला हवं. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांनी ही चळवळ सुरू केली. त्यांचा भर नेमाने, पद्धतशीर धर्माचरण करण्यावर. म्हणूनच ऑक्सफर्डमधल्या लोकांनी थट्टेने ‘मेथडिस्ट’ हे नाव ठेवलं आणि तेच पुढे चिकटलं. वेस्ली गुलामगिरीचे कडवे विरोधक होते. १७९१ साली मृत्यूच्या काही दिवस आधीही त्यांनी विल्बरफोर्स यांना त्याच विषयावर पत्र लिहिलं. पण दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. अमेरिकेतलं मेथडिस्ट चर्च १८४४ मध्ये गुलामगिरीच्याच प्रश्नावरून दुभंगलं. १९३९ मध्ये ते पुन्हा एक झालं, तेव्हा कृष्णवर्णीय मंडळ्यांसाठी वेगळा विभाग काढला गेला. तो १९६८ पर्यंत टिकला. म्हणजे लॉसन ज्या चर्चचे पाळक झाले, त्या चर्चच्या घरातच भेदाची भिंत होती. त्यांच्या श्रद्धेचा झगडा बाहेरच्या सरकारशी होता, तसा घरातल्यांशीही होता.

आता आपल्या विषयाकडे येऊ. इंटरनेटवर एक सोपी गोष्ट फिरते. लॉसन भारतात आले, गांधीजींकडून अहिंसा शिकले आणि अमेरिकेत घेऊन गेले. ऐकायला छान वाटतं, पण तारखा जुळत नाहीत. गांधीजींची हत्या १९४८ मध्ये झाली, लॉसन नागपुरात आले १९५३ मध्ये. शिवाय अहिंसा त्यांनी इथे येण्याआधीच पत्करली होती. १९४७ मध्ये कॉलेजात असतानाच ते शांततावादी ‘फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन’ या संघटनेत गेले. कोरियन युद्धाच्या वेळी सक्तीची सैन्यभरती त्यांनी नाकारली. धर्मशिक्षणाच्या नावाखाली सवलत मागता आली असती, ती त्यांनी मागितली नाही. १९५१ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. त्यातलं वर्षभराहून थोडं जास्त प्रत्यक्ष भोगलं. तिथून मेथडिस्ट मिशनच्या कामावर त्यांची सुटका झाली आणि ते हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक म्हणून आले.

मग नागपूरने त्यांना दिलं तरी काय? माझ्या मते दोन गोष्टी.

पहिली, पद्धत. अहिंसेवर विश्वास असणं वेगळं आणि अहिंसक लढा उभा करणं वेगळं. सत्याग्रह हा आधी चौकशी, मग वाटाघाट, मग शिस्तीची तयारी आणि शेवटी प्रत्यक्ष कृती अशा पायऱ्यांनी चालतो. देश स्वतंत्र होऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती. सेवाग्राम नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर. तुरुंगात जाऊन आलेली माणसं गावोगावी होती. लॉसन यांनी गांधीविचाराचा अभ्यास केला तो या वातावरणात. तेव्हाचं नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं हेही लक्षात ठेवायला हवं. महाराष्ट्र अजून जन्माला यायचा होता.

दुसरी गोष्ट म्हणजे अंतर. डिसेंबर १९५५ मध्ये माँटगोमेरीत बसवरचा बहिष्कार सुरू झाला. त्याची बातमी त्यांनी वाचली ती नागपुरात, ‘नागपूर टाइम्स’मध्ये. ती वाचून आपल्याला अतिशय आनंद झाला असं ते पुढे सांगत. ज्याची वाट पाहत होतो ते घरी सुरू झालं होतं आणि आपण मात्र हजारो मैल दूर.

१९५६ मध्ये ते परतले आणि ओबर्लिनला धर्मशास्त्र शिकू लागले. फेब्रुवारी १९५७ मध्ये तिथे मार्टिन ल्यूथर किंग आले. दोघेही २८ वर्षांचे. शिक्षण संपल्यावर दक्षिणेत काम करायचा विचार आहे, असं लॉसन म्हणाले. किंग म्हणाले, थांबू नका, आत्ताच या. १९५८ मध्ये लॉसन नॅशव्हिलला पोचले.

तिथे त्यांनी चर्चमध्ये विद्यार्थ्यांचे वर्ग सुरू केले. माझ्यातला इंजिनीअर इथे जागा होतो. पूल वाहतुकीला खुला करण्याआधी त्यावर भार टाकून चाचणी घेतात ना, अगदी तसंच. काही विद्यार्थी गुंड व्हायचे, शिव्या द्यायचे, खुर्चीवरून ढकलायचे. बाकीच्यांनी हात न उचलता, नजर न चुकवता बसून राहायचं. १९५९ च्या अखेरीस दुकानांत जाऊन छोट्या चाचण्या घेतल्या, मालकांशी बोलणी केली. १३ फेब्रुवारी १९६० रोजी शंभरावर विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या खाद्यगृहांत शांतपणे जाऊन बसले. १० मे रोजी ती खुली झाली. जॉन लुईस, डायान नॅश हे या वर्गांतले विद्यार्थी. याच कामासाठी व्हँडरबिल्ट विद्यापीठाने मार्च १९६० मध्ये लॉसन यांना काढून टाकलं. निषेध म्हणून तिथल्या काही प्राध्यापकांनी राजीनामे देऊ केले. पुढे त्याच विद्यापीठाने माफी मागितली आणि २००६ मध्ये त्यांना अध्यापनासाठी सन्मानाने बोलावलं.

‘पाळकाने राजकारणात पडावं का?’ हा प्रश्न त्यांना नेहमी विचारला जाई. डोंगरावरील प्रवचन हे परलोकाबद्दल नसून आज शेजाऱ्याशी कसं वागायचं याबद्दल आहे, ही त्यांची बैठक होती. शेजाऱ्याला मजुरी पुरत नसेल तर मजुरीचा प्रश्न हा श्रद्धेचाच प्रश्न ठरतो. १ फेब्रुवारी १९६८ ला मेम्फिसमध्ये कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात दोन सफाई कामगार चिरडून मेले. १२ तारखेपासून सुमारे १३०० कामगार संपावर गेले. लॉसन तेव्हा तिथल्या सेंटेनरी मेथडिस्ट चर्चचे पाळक होते. संपाच्या नियोजन समितीचे ते अध्यक्ष झाले आणि त्यांनीच किंग यांना बोलावलं. ४ एप्रिलला तिथेच किंग यांचा खून झाला. १६ एप्रिलला संप मिटला, संघटनेला मान्यता मिळाली. आपण बोलावलं आणि मित्र गेला, ही गोष्ट उराशी घेऊन लॉसन पुढे ५६ वर्षं जगले. १९७४ पासून १९९९ पर्यंत लॉस एंजेलिसच्या होल्मन चर्चमध्ये पाळक राहिले, हॉटेल कामगारांच्या आणि झाडूवाल्यांच्या संघटनांना शिकवत राहिले. ९ जून २०२४ रोजी, ९५ व्या वर्षी, ते गेले.

लॉसन परतले त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरातच डॉ. आंबेडकरांनी लाखोंसह धम्मदीक्षा घेतली. दोन्ही घटनांचा परस्परसंबंध जोडणारा पुरावा माझ्या हाती नाही, म्हणून मी तो जोडत नाही. पण श्रद्धा आणि सामाजिक न्याय हे दोन वेगळे कप्पे नाहीत, ही गोष्ट त्या शहराला परकी नव्हती, एवढं नक्की.

शेवटी एक विनंती. १९५३ ते १९५६ या काळात आपले वडील, काका, आजोबा हिस्लॉपमध्ये शिकले असतील, खेळाच्या संघात असतील, तर घरातले जुने अल्बम एकदा उघडा. संघाच्या फोटोत कडेला एक तरुण, कृष्णवर्णीय, चष्मा असलेला किंवा नसलेला प्रशिक्षक उभा दिसला, तर फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. नावं बहुतेक वेळा तिथेच लिहिलेली असतात.