मोळीचा हिशेब

आपल्या शाळांतून मुलांना जंगलावर प्रेम करायला शिकवतात. ‘झाडे लावा, झाडे जगवा’ ही घोषणा बहुतेक शाळांच्या भिंतीवर असते. पण लाकडाची एक मोळी बाजारात किती रुपयांना जाते, ती आणणाऱ्या बाईच्या पदरात त्यातले किती उरतात, आणि मोळी तोडल्यानंतर जंगलात पुन्हा किती उगवते, हे तीन प्रश्न वर्गात विचारले जात नाहीत. हे तिन्ही प्रश्न एकत्र शिकवल्याशिवाय जंगलाचे शिक्षण अपुरे राहते, आणि या अपुरेपणाची किंमत सर्वांत आधी दलित-आदिवासी मुलाला मोजावी लागते, हे या लेखात मांडायचे आहे.

पर्यावरण हा विषय शाळांतून सक्तीने शिकवावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. त्याची अंमलबजावणी नीट होत नाही म्हणून २००३ च्या डिसेंबरात न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. मी त्याच सुमाराला माध्यमिक शाळेत होतो. ‘वृक्ष आपले मित्र’ या विषयावर मी निबंध लिहिला. लाकूडतोड करणारे लोक हे देशाचे शत्रू आहेत, असे त्यात ठासून लिहिले. निबंधाला बक्षीस मिळाले. मी तो घरी मोठ्याने वाचून दाखवला. माझी आई तेव्हा मोळ्या आणून विकत असे. माझी वही आणि माझे पेन त्याच पैशातून आलेले होते. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “मग उद्यापासून चूल कशावर पेटवायची, ते पण लिही.” माझ्या वहीत त्याचे उत्तर नव्हते. शाळेने मला आईला आरोपी ठरवायला शिकवले होते. तिच्या श्रमाचा हिशेब करायला शिकवले नव्हते.

आज मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या निमित्ताने विद्यार्थ्यांबरोबर पनवेल तालुक्यातील ओवे परिसरात जाणे सुरू झाले आणि हा जुना प्रश्न पुन्हा समोर आला. ओवे हे आज खारघरच्या इमारतींनी वेढलेले गाव आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. जमिनीच्या भावासाठी या पट्ट्याने मोठा लढा दिला. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्याच्या रेट्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. इथले पोर शेकडेवारीचे गणित शिकण्याआधी ‘साडेबारा टक्के’ हा शब्द शिकते. पण याच खारघरच्या डोंगरावर फणसवाडी, चाफेवाडी अशा आदिवासी वाड्या आहेत. ज्या जंगलावर अशा वाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दिवस काढले, ते कागदावर सरकारचे. त्या जंगलात साडेबारा टक्क्यांचा प्रश्नच उद्भवत नाही. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांचे अर्थशास्त्र असे वेगवेगळे असते.

कातकरी या नावातच एक व्यवसाय दडलेला आहे. खैराच्या गाभ्याचे लाकूड फोडायचे, त्याचे तुकडे उकळायचे, रस आटवून थंड करायचा, त्याचा काथ करायचा. जो काथ करतो तो कातकरी. १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगल सरकारच्या ताब्यात गेले आणि खैराला हात लावणे गुन्हा होऊ लागला. विड्यात काथ रंगतच राहिला. काथ करणारा मात्र ठेकेदाराच्या कोळशाच्या भट्टीवर आणि नंतर वीटभट्टीवर उचल घेऊन राबू लागला. स्वतःच्या मालाचा उत्पादक दुसऱ्याचा मजूर कसा होतो, हे शिकवायला यापेक्षा जवळचे उदाहरण रायगड जिल्ह्यातील शिक्षकाला मिळणार नाही. परंतु पाठ्यपुस्तकातील ‘व्यवसाय’ या धड्यात सुतार, कुंभार, लोहार येतात. काथ करणारा येत नाही.

याच जिल्ह्यात, उरण तालुक्यातील चिरनेर येथे, २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला. लोक अक्कादेवीच्या डोंगरावर कोयते घेऊन गेले आणि पोलिसांनी गोळ्या चालवल्या. त्या हुतात्म्यांमध्ये नाग्या महादू कातकरी हे नाव आहे. मुलांना हे स्वातंत्र्यलढ्याचे पान म्हणून सांगितले जाते, आणि ते खरेच आहे. पण त्या कोयत्याचा अर्थ आर्थिकही होता. सरपण, गवत, पाला यांवर हक्क कोणाचा, हा तिथला प्रश्न होता. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्याने गायराने आणि डोंगर बळकावल्यामुळे गरीब शेतकऱ्याच्या गुराढोरांची काय दशा झाली, ते मांडले होते. त्याच्या आदल्या वर्षी हंटर आयोगापुढे त्यांनी सांगितले होते की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो. म्हणून प्राथमिक शाळेत हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान दिले पाहिजे. म्हणजे शाळा, हिशेब आणि जंगल या तिन्ही गोष्टी जोतीरावांच्या विचारात शेजारीशेजारी होत्या. आपण त्यांची ताटातूट केली.

आता प्रत्यक्ष काय शिकवावे? मी केलेला एक साधा प्रयोग सांगतो. उन्हाळी वर्गात पाचवी ते आठवीची मुले होती. गावातली होती, तशी वाडीवरचीही. विषय घेतला करवंदांचा. फळ्यावर मांडले: समजा, एका बाईने पाच तास करवंदे तोडली, चालत येऊन आणि बाजारात बसून आणखी पाच तास घालवले. २० रुपयांना एक असे १० वाटे विकले. रिक्षाचे जाऊन-येऊन ६० रुपये आणि बसण्याच्या जागेचे २० रुपये गेले. मुलांनी हिशेब केला: २०० मधून ८० गेले, उरले १२०; दहा तासांना बारा रुपये तास. तेव्हा वाडीवरच्या एका मुलीने विचारले, “सर, मी दोन तास करवंदं निवडते, ते कुठं लिहायचं?” तिचे दोन तास मांडले आणि ताशी मोबदला दहा रुपयांवर आला. मग गावातला एक मुलगा हळूच म्हणाला, “माझी आई त्यातपण भाव करते.”

मजुरी, वाहतूक खर्च, घरातील बिनमोल श्रम, घासाघीस, हे सारे अर्थशास्त्र एका वाट्यात आले. मग ‘व्यापार’ हा पटावरचा खेळ घेतला. त्यात सर्वांना आरंभी सारखे पैसे मिळतात. आम्ही एकाला दुप्पट दिले, एकाला निम्मे दिले आणि एकाला पहिले तीन डाव खेळूच दिले नाही. कोण जिंकले हे सांगण्याची गरज नाही. जात ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीही विभागणी आहे, हा बाबासाहेबांचा सिद्धांत मुलांना त्या पटावरून कळू लागतो. गादीवर कोण बसतो आणि डोक्यावर भार कोण वाहतो, हे बाजारात योगायोगाने ठरत नाही.

हिशेबाची शेवटची ओळ जंगलाची. समजा, जंगल हे मुद्दल आहे आणि दरवर्षीची वाढ हे व्याज. व्याज खाल्ले तर मुद्दल टिकते. मुद्दलाला हात घातला की पुढच्या वर्षी व्याजही घटते. करवंदे तोडली तर जाळी मरत नाही. जाळीच तोडली तर करवंदे संपतात. गरीब माणूस जंगल राखतोच, हे भाबडे गृहीत मला मान्य नाही. पोट जळते तेव्हा त्याचाही हात मुद्दलाला जातो. पण त्याने नेलेली मोळी आणि दगडखाणीने कापलेला डोंगर एकाच मापाने मोजू नयेत, हेही मुलांना आकड्यांनीच दाखवता येते. मोळी कोणत्या फांदीची, ती फांदी पुन्हा फुटेल का, आणि कापलेला डोंगर पुन्हा उगवेल का, एवढे विचारले की पुरे.

हे केवळ वर्गातले स्वप्न नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावात लोकांनी अभ्यास गट बसवून जंगल आणि कायदा समजून घेतला. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकता येईना, कारण १९२७ चा कायदा बांबूला झाड मानत होता. २०११ साली वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला, तेव्हा बांबूचा व्यापार गावाच्या हाती आला. वनहक्काच्या २००८ च्या नियमांत गौण वनोपज नेण्यासाठी डोक्यावरचा भार, सायकल आणि हातगाडी एवढीच साधने होती. २०१२ च्या दुरुस्तीने ती अट गेली. माल कोणी काढावा याइतकेच तो कशातून न्यावा हेही महत्त्वाचे असते. डोक्यावर जेवढे मावते तेवढेच विकता आले, तर भाव ठरवणारा दुसराच असतो.

शिक्षक आणि कार्यकर्त्यांना एवढेच सुचवायचे आहे. आपल्या परिसरातला एक वनोपज घ्यावा: शेवळं, करवंदे, मध, मोळी, काहीही. मुलांकडून एका वहीत चार रकाने करून घ्यावेत: कोणी आणले, किती तास लागले, भाव कोणी ठरवला, जंगलात किती उरले. वनहक्क कायद्याचे कलम ३ मुलांना सोप्या मराठीत वाचून दाखवावे. आणि माल विकणाऱ्या एखाद्या मावशींना वर्गात बोलावून खुर्ची द्यावी, मुलांना त्यांना प्रश्न विचारू द्यावेत. मात्र त्या वर्गात आल्या म्हणजे त्यांचा बाजार बुडाला. तो बुडालेला रोज आधी त्यांच्या हातात ठेवावा आणि तेवढा आकडा फळ्यावर लिहून धडा सुरू करावा.