पौड खोऱ्यातील ओवी आणि काव्यपथाची कल्पना

कवीची स्मृती त्याच्या भूमीतच जतन करावी, ही इच्छा अनेक देशांत दिसून येते. जपानमध्ये बाशो या कवीने १६८९ साली उत्तरेकडे जो प्रवास केला, त्या मार्गावर त्याच्या हायकू कोरलेल्या शिळा ठिकठिकाणी उभ्या आहेत. इंग्लंडात मार्स्डेन ते इल्कली या डोंगराळ टापूत सायमन आर्मिटेज या कवीच्या पाण्याच्या निरनिराळ्या रूपांवरील रचना २०१२ मध्ये सहा पाषाणांवर कोरण्यात आल्या, आणि पायी हिंडणारे लोक त्या शोधीत जातात. महाराष्ट्रात मालगुंड येथे केशवसुतांचे स्मारक १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते खुले झाले. या सर्व ठिकाणी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. कवी एक असून त्याचे नाव ज्ञात आहे आणि त्याच्या रचनेचा पाठ निश्चित आहे. पौडसारख्या गावी असा पादचारी मार्ग आखावयाचा झाल्यास प्रथम हे गृहीतच तपासून पाहावे लागते.

पौड हे मुळशी तालुक्याचे ठाणे मुळा नदीच्या काठी वसले आहे. पुणेकरांना ते गावापेक्षा त्याच्या नावाच्या रस्त्यामुळेच अधिक परिचित असावे. २०१५ साली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची स्थापना झाली आणि मुळशी तालुका त्याच्या कक्षेत आला. शहर आता भूगाव, पिरंगुट ओलांडून या खोऱ्यात शिरले आहे. मुळशीचे नाव इतिहासात नोंदले गेले ते १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुरू झालेल्या सत्याग्रहामुळे. धरणाविरुद्धच्या त्या लढ्याचे नेते सेनापती बापट स्वतः पद्यरचना करीत, आणि महाराष्ट्राविषयीच्या त्यांच्या ओळी सर्वतोमुखी झाल्या आहेत. तेव्हा मार्गावर त्यांचे नाव असणे उचितच होय. परंतु बापट मूळचे पारनेरचे. या खोऱ्याचे स्वतःचे कवी कोण, असा प्रश्न केल्यास उत्तर जात्याकडे बोट दाखविते.

स्त्रियांच्या ओवीची परंपरा किती जुनी आहे हे ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथावरून कळते. महाराष्ट्रात स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख सोमेश्वराने त्यात केला आहे. आधुनिक काळात साने गुरुजींनी अशा ओव्यांचा मोठा संग्रह केला. मुळशीचे महत्त्व मात्र याहून निराळे आहे. १९८० नंतरच्या दशकात गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर हे समाजशास्त्रज्ञ या भागातील गरीब डोंगरी शेतकऱ्यांच्या संघटनेत काम करीत असता त्यांना बायकांच्या तोंडून या ओव्या ऐकावयास मिळाल्या. त्यांतून जे संकलन उभे राहिले ते पुढे महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांपर्यंत पोहोचले आणि त्यात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. पॉइटवँ २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या. त्यांचा संग्रह २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेमार्फत सर्वांना ऐकावयास मिळू लागला.

ओवी कागदावर दोन ओळींची दिसते. गाताना तिचे स्वरूप पालटते. जात्यावर बहुधा दोघी समोरासमोर बसतात. एकीने खुंटा ओढावा, दुसरीने वैरण घालावी, आणि फेऱ्याच्या लयीवर एकीची ओळ दुसरीने उचलावी, अशी ही रीत. पहिल्या ओळीचा अर्धा भाग पुन्हा पुन्हा येतो, मध्ये ‘बाई’, ‘सांगते’ यांसारखे शब्द भर घालतात, कधी एखादे पालुपद जोडले जाते. निराळ्या गळ्यावर गायिली की तीच ओवी लांब वा आखूड होते. गावोगावी तिचा पाठ बदलतो. एका घरातील सासू आणि सून यांचाही एकच असेल असे नाही. अशा रचनेचा कोणता पाठ शिळेवर कोरावा? कोरलेला पाठ हाच खरा आणि इतर सारे अशुद्ध, अशी समजूत त्यातून रूढ होण्याचा धोका आहे. म्हणून पौडच्या मार्गावर अक्षरांपेक्षा आवाजाला स्थान देणे अधिक सयुक्तिक ठरेल. ठराविक ठिकाणी मुद्रित ओवी ऐकण्याची सोय असावी, आणि शक्य तेथे एकाच ओवीचे दोन पाठ एकामागून एक ऐकविले जावेत.

येथे अभ्यासकांच्या एका जुन्या सवयीचाही विचार करणे अवश्य आहे. लोकगीत म्हटले की कर्ता अज्ञात, असे लिहून मोकळे होण्याचा प्रघात पडला आहे. ओवीचा मूळ कर्ता सांगता येत नाही हे खरे; पण गाणारी अज्ञात नसते. उपर्युक्त संकलनात गायिकांची आणि त्यांच्या गावांची नावे काळजीपूर्वक नोंदविलेली आहेत. शहरातील कवीच्या शिळेवर नाव कोरावयाचे आणि डोंगरातील बाईच्या ओवीखाली ‘पारंपरिक’ एवढेच लिहावयाचे, हा भेद समर्थनीय नाही. गायिकेची अथवा तिच्या कुटुंबीयांची संमती घेऊन तिचे नाव देणे, हे या कामातील पहिले पथ्य होय. विलंब करण्यास फारसा अवकाशही नाही. विजेची गिरणी आल्यावर घरोघरचे पहाटेचे दळण थांबले, आणि ज्यांनी ते प्रत्यक्ष केले त्या स्त्रिया आता वृद्ध झाल्या आहेत.

निसर्गाचा विचारही ओवीच्या अंगानेच करावा लागेल. निसर्गकवितेची जी कल्पना पाठ्यपुस्तकांतून रुजली आहे, तिच्याशी या ओव्या जुळत नाहीत. केवळ शोभेसाठी केलेले वर्णन त्यांत क्वचितच आढळते. वाट येते ती माहेरची म्हणून, पाऊस येतो तो भावाच्या शेतावर. वनवासातील सीतेच्या ओव्यांत तर अरण्यात रडणाऱ्या सीतेची समजूत घालण्यास बोरी आणि बाभळी बायका होऊन येतात. ज्या झाडांना काटे आहेत आणि ज्यांना कोणी बागेत लावीत नाही, त्यांनाच हा मान मिळावा, ही कल्पना किती अर्थपूर्ण आहे! मार्गालगतची एखादी बाभूळ वाढू द्यावी. तिच्याजवळ ही ओवी ऐकविली तर वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज उरणार नाही. शोभिवंत परदेशी झाडे लावून मार्ग सजविण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात केला. मुळशीच्या डोंगरात अशा राया आहेत, आणि लावणीसाठी झाडे निवडताना त्यांच्याकडेच पाहणे इष्ट.

त्याचप्रमाणे रम्य तेवढ्याच ओव्या निवडून चालणार नाही. या संकलनात बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्या आहेत, सासरच्या जाचाच्या आहेत, पोटभर न मिळणाऱ्या अन्नाच्याही आहेत. १९२७ साली धरण पूर्ण झाले. त्याच्या पाण्यातून निर्माण होणारी वीज मुंबईला गेली, आणि भातखाचरांसह गावे बुडाली. पश्चिमेकडे गेल्यास दिसणारा निळा जलाशय प्रेक्षणीय आहेच, परंतु ओवी ऐकत तेथवर जाणाऱ्याला त्याखाली काय आहे तेही समजले पाहिजे.

प्रत्यक्ष आखणीत अडचणी साध्या पण कठीण आहेत. मुख्य रस्त्यावर वाहनांची वर्दळ मोठी असल्याने मार्ग गावातून निघून नदीकाठाकडे वळवावा लागेल. पावसाळ्यात हे खोरे भरपूर पाऊस घेते, तेव्हा निसरड्या उतारांवर दगडी पायऱ्या आणि ऐकण्याच्या जागी छप्पर हवे. एखाद्या ठिकाणी फिरते जाते ठेवावयाचे असल्यास ते दोघांना बसता येईल असे मोकळ्या जागी असावे, आणि त्याला वेळोवेळी टाकी लावून घेण्याचा खर्च आरंभीच अंदाजपत्रकात धरावा. टाकी न लागलेले जाते गुळगुळीत होते आणि त्यावर दाणे नुसते सरकत राहतात.