पोरं वाचत नाहीत म्हणता? मग पुस्तकांची पेटी फिरवून बघा

रेवदंड्याहून अलिबागला कॉलेजला निघालेली पोरं एसटीत बसली की मोबाईल काढतात. 'हल्लीची पिढी वाचतच नाही' म्हणून विषय तिथेच मिटवता येतो. पण हीच पोरं मॅचनंतर हातभर लांबीच्या पोस्ट शेवटपर्यंत वाचतात. पुस्तक मात्र हाताशी नसतं. वाचनालय उघडतं तेव्हा पोरं कॉलेजात आणि ती घरी येईपर्यंत तिथलं कुलूप लागलेलं, असं असेल तर दोष कुणाला द्यायचा?

यावर महाराष्ट्रात दोन भारी प्रयोग झालेत.

पहिला नाशिकचा. २००९ साली कुसुमाग्रज प्रतिष्ठानने विनायक रानडे यांच्या पुढाकाराने 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. हिशोब साधा. एका पेटीत १०० पुस्तकं. पेटी एखाद्या सोसायटीला किंवा गटाला फुकट द्यायची, काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची. खर्च देणगीतून. ना इमारत लागते, ना ग्रंथपाल. ही पेटी पार दुबईच्या मराठी घरांपर्यंत पोचली.

दुसरा भिलारचा. पाचगणीजवळच्या या स्ट्रॉबेरीच्या गावात ४ मे २०१७ ला 'पुस्तकांचं गाव' सुरू झालं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून घेतलेली. तिकडे जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, इथे मात्र लोकांनी आपल्या घराच्या खोल्याच वाचकांसाठी उघडल्या. आत जा, बसा, वाचा, पैसे नाहीत. पुढे कोकणासाठी बाळशास्त्री जांभेकरांचं पोंभुर्ले निवडलं गेलं. पण ते सिंधुदुर्गात, म्हणजे अलिबागच्या पोराला लांबच.

मग रायगडच्या किनाऱ्यावर काय जमेल? आम्हाला विचाराल तर दोन्हींची भेळ. नागाव, काशीदला घरोघरी होमस्टे आहेत, म्हणजे भिलारसारख्या खोल्या तयारच. मांडव्याहून गेटवेला लाँचने साधारण तासभर लागतो, तेव्हा एक पेटी जेट्टीवर. एक एसटी स्टँडवर. फक्त पेटी पत्र्याची हवी. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस कागदाला बुरशी आणतो, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात उडालेली छपरं इथे कुणी विसरलेलं नाही.

पेटीत काय भरायचं, यावर खरी भांडणं होतील. मोठ्यांच्या हातात दिली की ती संस्कारकथांनी भरते. (अनुभवाचे बोल!) फ्रेंच लेखक दानिएल पेनाक स्वतः शिक्षक होते. त्यांनी १९९२ साली वाचकाचे दहा हक्क मांडले, त्यात पहिलाच हक्क न वाचण्याचा. दुसरा पानं गाळण्याचा, तिसरा पुस्तक अर्धवट सोडण्याचा. आपल्याकडे १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला पोरांना आधी हे सांगायला हवं.

म्हणून पेटीत रहस्यकथा, कॉमिक्स, खेळाडूंची चरित्रं आधी टाका. सोबत एक वही ठेवा. त्यात सारांश, अभिप्राय काही मागू नका. पुस्तक कुठल्या पानावर सोडलं, एवढंच लिहू द्या. पुढची पेटी भरताना तीच वही उघडायची.