निळे डगले आणि मातीचे मावळे
(तृतीय वर्ष कला, इतिहास विभाग)

एक इंच उंचीच्या शिपायाच्या खांद्यावरची पट्टी पांढरी असावी की तांबडी, या प्रश्नाने माणसाची झोप उडू शकते असे मला दोन वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते, तर मी हसले असते. आज हसत नाही. कारण अशा आठ पट्ट्या मी चुकीच्या रंगवल्या होत्या आणि त्या खरवडून पुन्हा रंगवण्यात माझी अख्खी दिवाळीची सुट्टी गेली.

सुरुवात उल्हासनगरात झाली. माझी एक सिंधी मैत्रीण कॅम्प नंबर चारमध्ये राहते. तिचे चाचा जर्मनीत व्यापार करतात. ते एकदा आले तेव्हा त्यांच्या बॅगेत प्लॅस्टिकच्या करड्या शिपायांचा एक डबा निघाला. खेळणी म्हणावीत, तर त्यांच्या कोटाची बटणेही मोजता येत होती. चाचा आणि त्यांचे मित्र दर शनिवारी मोठ्या टेबलावर डोंगर, शेते आणि गावे मांडून, फासे टाकून जुन्या लढाया खेळतात. चाचांना नजर कमी झाल्याने बारीक काम जमत नाही. ‘‘तू गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतेस ना? मग हे रंगव,’’ असे म्हणून त्यांनी डबा माझ्या हवाली केला. सोबत एवढेच सांगितले, ‘‘१८७० चे प्रशियाचे पायदळ आहे. तिसरी कोअर. रंग बरोबर पाहिजेत.’’

‘बरोबर’ हा शब्द किती महाग पडतो, ते मला पुढे कळले.

या खेळाचे मूळही प्रशियातच आहे, ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत कुठे येत नाही. राइसविट्झ नावाच्या पितापुत्रांनी तो घडवला. मुलाने १८२४ साली नियमांसह नकाशावरचा युद्धखेळ प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांपुढे मांडला आणि अधिकाऱ्यांच्या शिक्षणात त्याचा उपयोग होऊ लागला. त्यात शिपायांच्या मूर्ती नव्हत्या, नुसते ठोकळे होते. मूर्ती आल्या खेळण्यांच्या दुकानांतून. न्यूरेंबर्गचे कारागीर कथिलाचे चपटे शिपाई ओतीत आणि बायकामुले ते घरोघरी रंगवीत. पुढे एच. जी. वेल्स या प्रसिद्ध लेखकाने १९१३ साली दिवाणखान्याच्या जमिनीवर शिशाचे शिपाई लढवण्याचे नियम पुस्तकरूपाने छापले. म्हणजे मी जे करायला बसले ते काम न्यूरेंबर्गच्या बायकांनी माझ्या कितीतरी आधी पोटासाठी केले होते. त्यांना ‘छंद’ हा शब्द परवडला नसता.

आता शिपाई कसा रंगवायचा ते सांगते. शिपाई आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुवावा, नाहीतर साच्याचा तेलकटपणा रंग धरू देत नाही. मग त्याला बाटलीच्या बुचावर डिंकाने चिकटवावा, म्हणजे बूच धरून फिरवता येतो आणि बोट रंगाला लागत नाही. प्रायमरचा एक पातळ हात द्यावा. त्यानंतर आतून बाहेर यावे: आधी चेहरा आणि हात, मग विजार, मग डगला, मग कॉलर आणि बाह्यांची तांबडी टोके, मग पट्टे, आणि पितळ सर्वांत शेवटी. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक पायरीला मागचे पुसत बसावे लागते. रंग दुधाइतका पातळ हवा. दाट रंगाने बटणे बुजतात आणि शिपाई पोत्यासारखा दिसतो. ब्रश शून्य नंबरचा असला तरी चालतो, मात्र त्याचे टोक शाबूत हवे.

निळ्या रंगाने मात्र मला फसवले. रंगपेटीत ‘प्रशियन ब्लू’ नावाची नळी असतेच. प्रशियन शिपायाला प्रशियन ब्लू, यात विचार तो काय करायचा? मी आठ शिपाई त्यात बुडवून काढले. वाळल्यावर ते काळेकुट्ट दिसू लागले. पांढरा मिसळून उजळवले तर हिरवट झाले, जणू मोराच्या पिसाची पलटण.

मग वाचायला बसले. प्रशियन ब्लू हे रंगद्रव्य बर्लिनमध्ये १७०६ च्या सुमारास डिसबाख नावाच्या रंग बनवणाऱ्याला अपघाताने सापडले. तो तांबडा रंग करायला निघाला होता. पण त्याच्याकडच्या क्षारात जनावराच्या रक्ताचा अंश मिसळलेला होता, म्हणून निळा झाला. ते चित्रकारांचे द्रव्य. सैन्याच्या लोकरी कापडाला गडद निळा रंग येई तो मात्र निळीच्या पिंपातून. आणि १८७० मध्ये जगाच्या बाजारात निळीचा मोठा वाटा बंगाल-बिहारचा होता. कृत्रिम नीळ जर्मन कारखान्याने बाजारात आणली ती १८९७ साली. चंपारणच्या शेतकऱ्याला जबरदस्तीने पेरावी लागणारी तीच ही नीळ, जिच्यासाठी गांधीजी १९१७ साली तिथे गेले. फ्रान्सच्या शेतातून चालत गेलेल्या एखाद्या प्रशियन शिपायाच्या अंगावर आपल्याकडचा रंग असणे अगदी शक्य आहे. हे वाचले तेव्हा मी ब्रश खाली ठेवला आणि थोडा वेळ तशीच बसले.

नीळ उडते कशी, हे कळायला उल्हासनगरसारखी दुसरी शाळा नाही. कॅम्प पाचमध्ये जीन्स धुण्याचा धंदा जोरात होता तेव्हा वालधुनीचे पाणी निळे झालेले आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. जीन्सचे सूत निळीत अनेकदा बुडवतात, तरी सुताच्या पोटात पांढरेच राहते. म्हणून गुडघ्याला, शिवणीला, खिशाच्या कडेला घासले की आतला पांढरा वर येतो. लोकरीत नीळ अधिक खोल मुरते, त्यामुळे प्रशियन डगला जीन्ससारखा पांढरा पडत नसे. पण कोपर, खांदा आणि पाठीवरच्या पिशवीखालची जागा मळकट, करडी होणारच. मी मैत्रिणीच्या भावाची जुनी जीन्स समोर टांगली आणि ती पाहून कोपरे उजळवली. रंगाची कृतीही शेवटी ठरली: अल्ट्रामरीनमध्ये काळा आणि चिमूटभर बर्न्ट अंबर. खऱ्या कापडापेक्षा एक छटा फिका ठेवावा, कारण एक इंचाच्या वस्तूवर प्रकाश कमी पडतो आणि गडद रंग काळाच दिसतो. पेटीतला प्रशियन ब्लू मी झाकण लावून ठेवून दिला.

बाकी पोशाख शिस्तीचा. १८४० नंतरच्या काळात प्रशियाने आखूड, एका ओळीत आठ पितळी बटणांचा डगला आणला. कॉलर तांबडी, पुढच्या कडेला तांबडी किनार. डोक्यावर टोकदार शिरस्त्राण, तेही १८४२ चे. पुष्कळांना ते लोखंडाचे वाटते. ते कातड्याचे, काळ्या रोगणाचे. पितळेचे फक्त टोक, गरुड आणि कडा. तोफखान्याच्या शिरस्त्राणावर टोकाऐवजी गोळा असे, म्हणजे दुरूनही पायदळ आणि तोफखाना वेगळे ओळखू येत. विजार जवळजवळ काळी वाटेल इतकी करडी, मोहिमेत बुटांत खोचलेली. करड्या ओव्हरकोटाची वळकटी डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे. पाठीवरची पिशवी गाईच्या केसाळ कातड्याची. ती रंगवताना तपकिरीवर पांढरट रेघा ओढल्या की छान उठून दिसते. फ्युझिलियर बटालियनचे पट्टे काळे, इतरांचे पांढरे. तलवारीच्या गोंड्याच्या रंगावरून कंपनी कळे. आणि खांद्यावरची पट्टी पांढरी, तांबडी, पिवळी किंवा फिकी निळी, ती कोअरवरून ठरलेली. पहिल्या आणि दुसऱ्या कोअरची पांढरी, तिसऱ्या आणि चौथ्या कोअरची तांबडी, वर पिवळ्या धाग्याने पलटणीचा क्रमांक. चाचांनी सांगितले होते तिसरी. मी रंगवली होती पांढरी. चित्र पाहून रंगवली होती हो, पण चित्र पहिल्या कोअरचे होते!

चाचांना फोनवर सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, ‘‘बेटी, १६ ऑगस्ट १८७० ला मार्स-ला-तूरला तिसऱ्या कोअरने दिवसभर मार खाल्ला. ती पट्टी घालून माणसे मेली आहेत.’’ मी त्याच संध्याकाळी ब्लेड घेऊन खरवडायला बसले.

हे चालू असतानाच आमच्या बदलापूरच्या गल्लीत दिवाळीच्या किल्ल्याची माती कालवली जात होती. दरवर्षी रायगड किंवा प्रतापगड होतो. यंदा मी म्हटले, गच्चीवर गेलो की जो दिसतो तोच करू, मलंगगड. १७८० साली इंग्रजांच्या फौजेने त्याला वेढा घातला होता; आपल्याच दारातली लढाई. मुले तयार झाली. कल्याणच्या बाजारातून बोटभर उंचीचे मातीचे मावळे आणले. सगळ्यांचा एकच साचा, सगळ्यांना भगवे पागोटे, पांढरा अंगरखा, पिवळा कमरपट्टा. ते मी प्रशियन शिपायांशेजारी ठेवले आणि लाजले. शेकडो कोसांवरच्या परक्या शिपायाच्या खांद्यावरचा धागा मला ठाऊक, आणि समोरच्या डोंगरावर राहून गेलेल्या माणसाने काय नेसले होते ते ठाऊक नाही!

मी ठरवले, मावळेही ‘बरोबर’ रंगवायचे. आणि तिथेच प्रशियाचे सगळे शिक्षण उलटे पडले. माझे आजोबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरीला होते, त्यामुळे गणवेश म्हणजे काय हे ते जाणतात. ते म्हणाले, ‘‘अगं, शिलेदार घोडा स्वतःचा आणी, हत्यार स्वतःचे आणी. त्याला डगला कोण देणार? गणवेश देणारा आधी कापड विकत घेतो, मग शिंपी बसवतो, मग हिशेब ठेवतो. तुझ्या मावळ्यामागे कुठला शिंपी?’’

ही गोष्ट अगदी खरी. प्रशियन शिपाई अचूक रंगवायचा तर शंभर एकसारखे हवेत. मावळे अचूक रंगवायचे तर दोन एकसारखे असता कामा नयेत. आपल्याकडे एकसारखा पोशाख दिसू लागतो तो कवायती पलटणींबरोबर, महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये द बॉइन्य या अधिकाऱ्याला चाकरीत घेतले त्यानंतर. गडावरचा गडकरी त्यातला नव्हे. तो घरचेच कपडे घालून पहाऱ्याला उभा राही.

मग घरचे कपडे कोणत्या रंगाचे? गरिबाचे सुती कापड बहुतेक न रंगवलेले, मातकट पांढरे. रंग असलाच तर निळीचा निळा, आलाच्या मुळ्यांचा किंवा मंजिष्ठाचा तांबडा. कुसुंब्याचा केशरी दिसायला सुरेख, पण उन्हात आणि धुण्यात टिकत नाही, म्हणून रोजच्या पहाऱ्याच्या पागोट्याला तो क्वचितच. खांद्यावर काळी किंवा तपकिरी घोंगडी. कोणाच्या पायात वहाणा, कोणी अनवाणी. ढाल काळ्या रोगणाच्या कातड्याची, तीवर चार पितळी फुल्या. काहींच्या हातात तोड्याची बंदूक. साचा एकच असल्याने मी कोणाला मातीची घोंगडी चिकटवली, कोणाची वहाण खरवडून काढली, दोघांना पांढऱ्या मिशा दिल्या. प्रशियन शिपायांवर शिकलेली झिजलेल्या कोपराची युक्ती इथे दुप्पट उपयोगी पडली.

गल्लीत मात्र बंड झाले. माझा धाकटा भाऊ म्हणाला, ‘‘ताई, हे मावळे नाहीत, हे भाजीवाले वाटतात!’’ भगवे पागोटे नाही म्हणजे काय, असे शेजारच्या काकांनीही विचारले. त्याहून मोठा पेच महाराजांचा. किल्ल्यावर सिंहासन नाही असा दिवाळीचा किल्ला कोणी पाहिला आहे? पण आमची लढाई १७८० ची, आणि महाराज १६८० मध्ये गेले. बरोबर शंभर वर्षांचे अंतर. मी इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून हट्टाला पेटले आणि दोन दिवस मुले माझ्याशी बोलली नाहीत. किल्ला अर्धवट राहिला, माती तडकू लागली. शेवटी आजोबांनीच तोड काढली. गडाच्या दरवाजात एक कोनाडा करून त्यात महाराजांची मूर्ती ठेवली, पुढे पणती लावली. ‘‘गडावरच्या माणसांच्या मनात तर ते होतेच ना,’’ एवढेच ते म्हणाले. याला पुरावा काय, असे विचारण्याचे मी टाळले. आणि मुलांच्या मानाखातर एका मावळ्याला, हवालदाराला, फिकुटलेले केशरी पागोटे बांधले. हवालदाराला परवडत असेल, असे मानू.

पाडव्याला अंबरनाथहून काही मंडळी किल्ले पाहायला आली. एक आजी बराच वेळ वाकून बघत होत्या. घोंगडीवाल्या मावळ्याकडे बोट करून म्हणाल्या, ‘‘हा आमच्या सासऱ्यांसारखा दिसतो बाई.’’ त्यांनी इतर कोणाबद्दल काही विचारले नाही.

प्रशियाची पलटण आता पुरी झाली आहे, चोवीस शिपाई, तांबड्या पट्ट्यांचे. पट्टीवरचा क्रमांक इतक्या लहान जागेत लिहिता येत नाही. पिवळ्याचे दोन ठिपके दिले की डोळा फसतो. चाचा पुढच्या महिन्यात येतील तेव्हा डबा त्यांच्याकडे जाईल. एक शिपाई मात्र मी मागून घेतला आहे. त्याच्या पट्टीखाली अजून पांढऱ्या रंगाची एक बारीक कड दिसते, ती काही केल्या खरवडून निघाली नाही.