कापडी पिशवीस चेन कशी बसवावी?

घरांत सर्वांत अधिक राबणारी आणि सर्वांत कमी आदर पावणारी वस्तु कोणती, असें विचारल्यास आम्ही बाजाराच्या पिशवीकडे बोट दाखवूं. संस्कृतांत पिशवीला 'स्यूत' असा एक शब्द आहे. 'सिव्' म्हणजे शिवणें, या धातूपासून तो झाला आहे. म्हणजे जी शिवलेली ती पिशवी. आपला 'शिवण' हा शब्दही त्याच कुळांतला. पिशवीचा प्राण कापडांत नसून शिवणींत आहे, हें त्या एका शब्दानें सांगून ठेविलें आहे.

महाराष्ट्र सरकारनें २०१८ च्या मार्च महिन्यांत प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, आणि कापडी पिशवी पुन्हां घरोघर आली. परंतु कोणाच्याही घरीं दारामागील खुंटी पाहावी. आठदहा पिशव्या तेथें स्वस्थ लटकत असतात. कारण उघड आहे. पिशवीचें तोंड उघडें! भाजीला ती चालते. पण पैशाचें पाकीट, चष्मा आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन लोकलगाडीच्या गर्दींत शिरावयाचें झाल्यास तिच्यावर कोण विश्वास टाकील? आमच्या आळींतील एका वृद्ध बाईंची औषधांची पुडी अशाच उघड्या पिशवींतून बसमध्यें पडली, आणि त्या दिवशीं रात्रीं त्यांना औषधावांचून राहावें लागलें. तेव्हांपासून त्यांनीं कापडी पिशवी घेणेंच सोडलें.

कापडी पिशवी नुसती घरांत असणें म्हणजे पुण्य, असाही एक समज आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानें २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत असा हिशेब होता कीं, केवळ हवामानावरील भाराचा विचार केला, तरी नव्या सुती पिशवीनें प्लॅस्टिकच्या पिशवीची बरोबरी करण्यास ती निदान ५२ वेळां वापरली पाहिजे. इतर सर्व बाबी धरल्यास हा आंकडा ७,१०० वर जातो. रोज एकदां म्हटलें तरी हीं सुमारें साडेएकोणीस वर्षें झालीं! तात्पर्य, पिशवी जुन्या कापडाची असावी, ती टिकावी, आणि मुख्य म्हणजे वापरावीशी वाटावी. हें शेवटचें काम चेन करते.

ही चेन दिसते क्षुल्लक. पण तिच्यामागें अर्धशतकाहून अधिक खटपट आहे. शिवणयंत्राचा कर्ता एलायस हाउ यानें १८५१ सालीं अशा बंदाचें पेटंट घेतलें, पण तें मागें पडलें. १८९३ सालीं व्हिटकोम जड्सन यानें आंकड्यांचा बंद काढला. तो ऐन वेळीं सुटे. अखेर मूळच्या स्वीडनच्या गिडिऑन सुंडबॅक यानें १९१३ सालीं अमेरिकेंत एकमेकांत बसणाऱ्या दांत्यांची युक्ति साधली. 'झिपर' हें नांव मात्र १९२३ सालीं गुडरिच कंपनीनें आपल्या रबरी बुटांस दिलेलें. तें पुढें बंदासच चिकटलें.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. ही रीत आमच्या घरीं सौभाग्यवतींच्या देखरेखीखालीं करून पाहिलेली आहे. पिशवी तयार झाल्यावर १४ इंच रुंद व १५ इंच खोल होईल. बाहेरून जाड खादी किंवा मांजरपाट घ्यावा. अस्तरास जुनें सुती लुगडें उत्तम. दोन्ही कापडें आधीं भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावीं. न आटलेलें कापड पहिल्या धुण्यांत आटतें, आणि अस्तर व बाहेरचें कापड यांचें भांडण सुरू होतें.

बाहेरचे दोन तुकडे १५ इंच रुंद व १६ इंच उंच कापावे. अस्तराचे दोन तुकडे १५ इंच रुंद व साडेचौदा इंच उंच. शिवाय बाहेरच्याच कापडाच्या १५ इंच लांब व अडीच इंच रुंद अशा दोन पट्ट्या. या तोंडाच्या आंतल्या अंगास येतात. चेनीसाठीं १३ इंच लांब व २ इंच रुंद अशा चार पट्ट्या, आणि बंदांसाठीं २४ इंच लांब व ४ इंच रुंद अशा दोन. सर्वत्र अर्धा इंच माया धरली आहे. फक्त चेनीच्या शिवणीस पाव इंच. चेन नायलॉनची, ५ नंबरची, १५ इंच घ्यावी व तींत रनर आधींच ओवून ठेवावा.

प्रथम चेनीच्या चारही पट्ट्यांचीं आंखूड टोकें अर्धा अर्धा इंच उलट बाजूस दुमडून इस्त्री करावीं, म्हणजे लांबी १२ इंच राहते. चेनीच्या एका कडेवर एक पट्टी वर व एक खालीं, दोहोंच्या सुलट बाजू चेनीकडे, अशा ठेवून टांचून घ्याव्या. सुरुवातीस चेनीचें कापडी टोक इंचभर बाहेरच्या बाजूस वळवून पट्ट्यांमध्यें दाबावें, म्हणजे रनर निसटत नाहीं. दुसऱ्या अंगास चेन दोन इंच मोकळी लोंबूं द्यावी. ती असली तरच पिशवीचें तोंड पूर्ण उघडतें. तिच्या टोकास कापडाची लहानशी टोपी शिवावी. आतां मशीनला चेनीचा एकेरी पाय लावून टीप मारावी. रनर आडवा आल्यास सुई कापडांत रोवलेली ठेवून पाय उचलावा, रनर मागें सरकवावा, आणि मग पुढें जावें. दोन्ही पट्ट्या चेनीपासून उलटवून मंद इस्त्री करावी (कडक इस्त्रीनें नायलॉन वितळतें) व वरून एक टीप द्यावी. आंखूड टोकेंही त्याच टिपेंत बंद करावीं. दुसरी कडही अशीच.

दुसरें, तोंडाची पट्टी आणि अस्तर यांच्या सुलट बाजू समोरासमोर आणून मध्यें चेनीच्या पट्टीची मोकळी कड बरोबर मध्यभागीं ठेवावी. दोन्ही टोकांस दीड दीड इंच जागा सुटली पाहिजे. चेनीची वरची बाजू तोंडाच्या पट्टीकडे असावी. तिन्ही थर एकत्र शिवावे, आणि दुसऱ्या अंगासही तसेंच करावें.

तिसरें, बंद चौपदरी दुमडून इंचभर रुंदीचे शिवावे व बाहेरच्या तुकड्यांच्या वरच्या कडेस, दोन्ही बाजूंनीं चार चार इंच सोडून, सुलट बाजूवर टांचावे. त्यावर तोंडाची पट्टी सुलट बाजू खालीं करून ठेवावी आणि टीप मारावी.

येथें एक सूचना शिष्यांस आम्ही दोनदां सांगितली असती: चेन आतां उघडावी! ती मिटलेली राहिली तर पिशवी उलटवावयास वाटच उरत नाहीं. चेन उघडून बाहेरच्या कापडासमोर बाहेरचें व अस्तरासमोर अस्तर, सुलट बाजू आंत, असें जुळवावें. चेनीचीं टोकें शिवणींत सांपडूं नयेत म्हणून मध्याकडे सारावीं. सभोंवार टीप घालावी. अस्तराच्या तळाशीं मात्र पांच इंच भोंक ठेवावें. त्यांतून सर्व पिशवी बाहेर ओढावी, भोंक हातशिलाईनें मिटवावें, अस्तर आंत सारावें व तोंडाभोंवतीं एक टीप द्यावी. चेन तोंडाखालीं दीड इंचावर बसते. बंदांचा ओढा तिच्यावर येत नाहीं, म्हणून ती पुष्कळ टिकते.

पुढें कधीं चेन मिटूनही मागें उघडी राहूं लागली, तर पिशवी टाकूं नये. बहुधा दांते शाबूत असतात. रनर झिजून सैल झालेला असतो. पकडीनें तो दोन्ही बाजूंस किंचित् दाबावा. न भागल्यास नवा रनर घालावा. संबंध चेन बदलावयाची झाली तरी चारच शिवणी उसवाव्या लागतात.

हें काम मुलींनींच करावें असें नव्हे. शिंपी हा पुरुषच असे, हें आपण विसरूं नये. इंचाचा अपूर्णांक फळ्यावर शिकविण्यांत आमचीं वर्षें गेलीं; तो कापडावर चुकला कीं कापड स्वतःच सांगतें, आणि मुलांच्या तें कायमचें ध्यानांत राहतें. येत्या सुटींत घरांतील मुलामुलींच्या हातून एक एक पिशवी शिवून घ्यावी, आणि पहिली आजीला द्यावी; तिची औषधें निदान वाटेंत पडणार नाहींत.